तयार पॅकेज आणि कार्यप्रणालीची आवृत्ती: न जुळल्याचा इशारा काय सांगतो?

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसवताना किंवा अद्ययावत करताना पडद्यावर कधीकधी अनपेक्षित मजकूर उमटतो. पॅकेज कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्तीसाठी तयार केलेले आहे, यंत्रावरील आवृत्ती मात्र जुनी आहे, असे त्यात म्हटलेले असते. खाली दोन संख्या दिलेल्या असतात आणि शेवटी प्रश्न असतो: ही तफावत दुर्लक्षून पुढे जायचे काय? उत्तरादाखल 'हो' किंवा 'नाही' एवढेच लिहायचे असते. घाईत असलेला वापरकर्ता बहुधा 'हो' लिहून मोकळा होतो. अनेकदा काही बिघडतही नाही. परंतु कधीकधी त्याच एका अक्षरामुळे चालू असलेला सर्व्हर बंद पडतो, आणि दुरुस्तीसाठी ज्या साधनाचा उपयोग करायचा तेच निकामी झालेले असते.

हा इशारा नेमका कशाचा असतो, तो कोणत्या परिस्थितीत येतो आणि त्याला काय उत्तर द्यावे, हे समजून घेण्यासाठी फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. घरगुती संगणकावर ती क्वचितच आढळत असली, तरी तिचा वापर दूरवर पसरलेला आहे. नेटफ्लिक्सचे चित्रपट प्रेक्षकांपर्यंत पोहोचवणारे सर्व्हर याच प्रणालीवर चालतात. सोनीच्या प्लेस्टेशन ४ या खेळयंत्राची प्रणाली तिच्यावरच आधारलेली आहे आणि अॅपलच्या मॅकओएसमध्येही तिचे अनेक भाग समाविष्ट आहेत.

तयार पॅकेज म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर प्रथम मानवाला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिले जाते. या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. संगणकाला ते थेट कळत नाही. कंपायलर नावाच्या आज्ञावलीकडून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करून घ्यावे लागते. मोठ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम वेळखाऊ असते. क्रोमियमसारखा ब्राउझर साध्या संगणकावर कंपाईल करण्यास कित्येक तास लागतात.

हा खटाटोप प्रत्येकाने आपापल्या घरी करण्याऐवजी प्रकल्पाने एकदाच करावा आणि तयार फाइल सर्वांना पुरवाव्यात, ही तयार पॅकेजमागील कल्पना आहे. पॅकेजमध्ये यंत्रभाषेतील फाइल असतातच. शिवाय सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती, ते अन्य कोणत्या पॅकेजवर अवलंबून आहे आणि ते कोणत्या प्रणालीसाठी तयार केले, याच्या नोंदीही असतात. दर्जीकडून कपडे शिवून घेणे आणि दुकानातून तयार कपडे आणणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. तयार कपडा लगेच मिळतो, मात्र तो कोणत्या मापावर बेतला आहे हे पाहून घ्यावे लागते. आवृत्ती न जुळल्याचा इशारा ही त्या मापाचीच चिठ्ठी होय.

पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत विकसित झालेल्या बीएसडी युनिक्सच्या परंपरेतून फ्रीबीएसडीचा जन्म झाला. तिची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेरचे सॉफ्टवेअर या प्रणालीवर सुलभतेने बसवता यावे म्हणून जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये 'पोर्ट्स' या संग्रहाचा पाया घातला. प्रत्येक सॉफ्टवेअर कोठून आणावे, त्यात कोणते फेरफार करावेत आणि ते कसे कंपाईल करावे, याची कृती पोर्ट्समध्ये लिहिलेली असते. त्या कृतीप्रमाणे तयार झालेली वस्तू म्हणजे पॅकेज.

सुरुवातीची पॅकेजविषयक साधने साधी होती. पॅकेज बसवणे आणि काढणे त्यांना जमत असे, पण शेकडो पॅकेज एकदम अद्ययावत करणे जिकिरीचे ठरे. त्यांच्या जागी 'पीकेजी' हे नवे साधन आले. त्याची १.० ही आवृत्ती ऑगस्ट २०१२ मध्ये निघाली आणि जानेवारी २०१४ मधील फ्रीबीएसडी १०.० पासून तेच अधिकृत साधन ठरले. तेव्हापासून बहुसंख्य वापरकर्ते सोर्स कोडच्या वाटेला न जाता तयार पॅकेजच वापरू लागले. सोय वाढली, आणि तिच्याबरोबर 'हे पॅकेज माझ्या यंत्रासाठी आहे काय' हा प्रश्नही महत्त्वाचा झाला.

संख्येत दडलेली आवृत्ती

फ्रीबीएसडीच्या आवृत्तीला दोन भाग असतात. १३.२ या आवृत्तीत १३ हा मुख्य आवृत्तीचा आणि २ हा उपआवृत्तीचा क्रमांक होय. मात्र प्रणालीच्या आत होणारा प्रत्येक लक्षणीय बदल या दोन आकड्यांत मावत नाही. म्हणून प्रकल्पाने एक लांबलचक संख्या योजिली आहे. १३.१ साठी ती १३०१००० आहे, तर १३.२ साठी १३०२००१. पहिले दोन अंक मुख्य आवृत्तीचे, पुढील दोन उपआवृत्तीचे आणि उरलेले तीन त्यानंतरच्या बदलांचे, असा तिचा अर्थ लावता येतो.

पॅकेज तयार होते तेव्हा ते ज्या प्रणालीवर कंपाईल झाले तिची ही संख्या त्यात नोंदली जाते. पॅकेज बसवण्यापूर्वी पीकेजी यंत्रावरील संख्या वाचते आणि दोहोंची तुलना करते. पॅकेजची संख्या मोठी निघाली, की इशारा उमटतो.

यंत्रावरील संख्या म्हणजे कोणाची संख्या, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. फ्रीबीएसडीचे स्थूलमानाने दोन स्तर असतात. यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करणारे कर्नल हा पहिला. त्यावर चालणाऱ्या मूळ आज्ञा आणि लायब्ररी यांचा मिळून दुसरा, ज्याला यूजरलँड म्हणतात. पीकेजी ही संख्या यूजरलँडमधील एका फाइलच्या नोंदीतून घेते. अद्ययावतीकरण अर्धवट राहिले आणि कर्नल नवे पण यूजरलँड जुने अशी अवस्था झाली, तर वापरकर्ता बुचकळ्यात पडतो. आपण तर नवी आवृत्ती बसवली आहे, मग हा इशारा कशाचा, असे त्याला वाटते. एकाच कर्नलवर अनेक स्वतंत्र यूजरलँड चालवण्याची 'जेल' नावाची सोय फ्रीबीएसडीमध्ये आहे. तेथेही असाच घोटाळा होऊ शकतो, कारण यजमान यंत्र अद्ययावत झाले तरी जेलमधील यूजरलँड आपोआप बदलत नाही.

इशारा केव्हा येतो?

फ्रीबीएसडीच्या एका मुख्य आवृत्तीतील सर्व उपआवृत्त्यांसाठी पॅकेजचा एकच संच तयार केला जातो. १३.१ साठी एक आणि १३.२ साठी दुसरा, असे वेगळे संच नसतात. मग ते कोणत्या उपआवृत्तीवर कंपाईल करायचे? यासाठी प्रकल्पाचा नियम सोपा आहे. ज्या उपआवृत्त्यांना अद्याप अधिकृत पाठिंबा आहे, त्यांपैकी सर्वांत जुन्या उपआवृत्तीवर पॅकेज कंपाईल केली जातात. जुन्यावर तयार झालेले नव्यावर चालते, याची हमी प्रणाली देते. नव्यावर तयार झालेले जुन्यावर चालेलच, याची हमी कोणीही देत नाही.

आता दुसरा नियम पाहावा. नवी उपआवृत्ती प्रसिद्ध झाली, की आधीच्या उपआवृत्तीचा पाठिंबा साधारण तीन महिन्यांनी संपतो. १३.२ एप्रिल २०२३ मध्ये आली आणि १३.१ चा पाठिंबा ३१ जुलै २०२३ रोजी संपला. त्यानंतर पॅकेज १३.२ वर कंपाईल होऊ लागली. त्या दिवसापर्यंत १३.१ चालवणाऱ्या यंत्रावर सर्व काही सुरळीत होते. पुढे मात्र त्याच यंत्रावर पॅकेज अद्ययावत करू पाहणाऱ्यास १३०२००१ आणि १३०१००० या दोन संख्या दाखवणारा इशारा दिसू लागला.

या दोन नियमांची सांगड घातली, की इशाऱ्याचा खरा अर्थ उलगडतो. वरवर पाहता तो पॅकेजविषयी बोलतो, पण बहुतेक वेळा त्याचा रोख कार्यप्रणालीकडे असतो. यंत्रावरील उपआवृत्तीचा पाठिंबा संपला आहे आणि तिच्यासाठी सुरक्षाविषयक दुरुस्त्या निघणे थांबले आहे, हीच वार्ता तो निराळ्या शब्दांत देत असतो. पाठिंबा संपल्याच्या घोषणा प्रकल्प वेळोवेळी प्रसिद्ध करतो. त्या न वाचणाऱ्या वापरकर्त्यापर्यंत ही बातमी सर्वप्रथम या इशाऱ्याच्याच रूपाने पोहोचते.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

जुन्या प्रणालीवर नवे पॅकेज का चालत नाही, याचे उत्तर लायब्ररींमध्ये आहे. बहुतेक सॉफ्टवेअर आपली सर्व कामे स्वतः करत नाही. फाइल उघडणे, वेळ पाहणे, स्मृती मागणे अशा कामांसाठी ते प्रणालीच्या सामायिक लायब्ररीतील फंक्शन नावाने हाक मारून वापरते. नव्या उपआवृत्तीत एखाद्या नव्या फंक्शनची भर पडली आणि पॅकेजने कंपाईल होताना त्याचा उपयोग केला, तर जुन्या यंत्रावर त्या हाकेला 'ओ' देणारे कोणी नसते. सॉफ्टवेअर सुरू होतानाच थांबते आणि 'सिम्बॉल सापडले नाही' अशा आशयाचा संदेश दिसतो.

याचे ठळक उदाहरण २०१७ मध्ये पाहावयास मिळाले. फ्रीबीएसडी १०.१ आणि १०.२ या दोन्ही उपआवृत्त्यांचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपला आणि त्यानंतर पॅकेज १०.३ वर तयार होऊ लागली. एप्रिल २०१६ मधील १०.३ मध्ये 'युटाइमेन्सअॅट' हे फाइलच्या वेळेची नोंद बदलणारे फंक्शन नव्याने आले होते. पीकेजीच्या नव्या आवृत्तीने त्याचा वापर केला. ज्यांची यंत्रे अजूनही १०.१ किंवा १०.२ वर होती, त्यांनी नेहमीच्या सवयीने पॅकेज अद्ययावत केली. पीकेजी हे स्वतःही एक पॅकेजच असल्यामुळे ते सर्वांत आधी अद्ययावत झाले आणि लगेच बंद पडले. पुढे कोणतेही पॅकेज बसवता येईना, काढता येईना आणि मागेही फिरता येईना. कुलूप दुरुस्त करण्याची हत्यारे त्याच कुलपाच्या आत अडकावीत, तशी ही अवस्था होती.

अशा प्रसंगी पीकेजीचे एक भावंड उपयोगी पडते. ते सामायिक लायब्ररींवर विसंबून राहत नाही. लागणारे सर्व भाग त्याच्या पोटातच असतात. त्याला 'पीकेजी-स्टॅटिक' म्हणतात. मुख्य साधन कोलमडले तरी हे चालू राहण्याची शक्यता बरीच अधिक असते. आणीबाणीत त्याच्याद्वारे गाडी रुळावर आणता येते. मात्र मूळ दुखणे जुन्या प्रणालीचेच असल्यामुळे तिची आवृत्ती वाढवण्यावाचून कायमचा उपाय नसतो. त्यानंतरच्या काळात पॅकेजमधील आवृत्तीची संख्या आधीच तपासून वापरकर्त्याला विचारण्याची पद्धत रूढ झाली. या प्रश्नाचे ठरावीक उत्तर 'नाही' असे ठेवलेले आहे. काहीही न लिहिता एंटर कळ दाबली, तर काम थांबते.

जुन्यावरचे नव्यावर का चालते?

उलट दिशेचा प्रवास सुरक्षित राहावा म्हणून बरेच परिश्रम घेतले गेले आहेत. फेब्रुवारी २००८ मधील फ्रीबीएसडी ७.० पासून मूळ सी लायब्ररीतील प्रत्येक फंक्शनला आवृत्तीचे बिल्ले लावण्याची पद्धत सुरू झाली. एखाद्या फंक्शनची वागणूक बदलावी लागली, तर जुने रूप जुन्या बिल्ल्याखाली तसेच ठेवले जाते आणि नवे रूप नव्या बिल्ल्याखाली येते. जुने सॉफ्टवेअर जुन्या बिल्ल्याने हाक मारते आणि त्याला जुन्याच रीतीने उत्तर मिळते.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २०१८ मध्ये आलेल्या १२.० च्या वेळी लागली. प्रत्येक फाइलला प्रणालीत एक क्रमांक असतो. तो ३२ बिटांचा होता, तो ६४ बिटांचा करण्यात आला. फाइलविषयीची माहिती ज्या साच्यात दिली जाते तो साचाच त्यामुळे बदलला. तरीही जुनी रूपे राखून ठेवलेली असल्यामुळे पूर्वी कंपाईल झालेले सॉफ्टवेअर १२.० वर चालत राहिले. याउलट १२.० वर तयार झालेली फाइल ११ वर नेली, तर नवा बिल्ला तेथे नसल्यामुळे ती सुरूच होत नाही. भूतकाळ जपून ठेवता येतो, पण न झालेल्या बदलांची तरतूद कोणतीही प्रणाली आधी करून ठेवू शकत नाही.

कर्नल मॉड्यूलचा अपवाद

जुन्यावर तयार झालेले नव्यावर चालते, या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ग्राफिक्स कार्ड चालवणारी किंवा आभासी यंत्रांसाठी लागणारी काही पॅकेज थेट कर्नलच्या आत बसतात. त्यांना कर्नल मॉड्यूल म्हणतात. सामान्य सॉफ्टवेअर कर्नलशी ठरलेल्या दारातून बोलते. मॉड्यूल मात्र घरातच वावरते, आणि घरातील मांडणी प्रत्येक उपआवृत्तीत तशीच राहील याची खात्री नसते.

त्यामुळे जुन्या उपआवृत्तीवर तयार झालेले मॉड्यूल नव्या उपआवृत्तीच्या कर्नलमध्ये बसवले असता ते दाखल होण्यास नकार देऊ शकते किंवा संपूर्ण यंत्रच कोसळू शकते. नवी उपआवृत्ती बसवल्यानंतर पडदा काळा राहिल्याच्या तक्रारींमागे अनेकदा हेच कारण असते. विशेष म्हणजे अशा वेळी पॅकेजची संख्या लहान असल्यामुळे आवृत्तीच्या तफावतीचा इशारा उमटतच नाही. म्हणजे इशारा नाही याचा अर्थ धोका नाही, असा घेता येत नाही. यावर उपाय म्हणून मॉड्यूल त्याच यंत्रावर सोर्स कोडपासून कंपाईल केले जाते. अलीकडे प्रकल्पाने उपआवृत्तीनिहाय तयार मॉड्यूल पुरवणारे स्वतंत्र भांडारही सुरू केले आहे.

निरनिराळे इशारे, निरनिराळे अर्थ

आवृत्तीविषयक प्रत्येक संदेश सारख्याच तीव्रतेचा नसतो. पॅकेजच्या भांडारावर 'फ्रीबीएसडी, १३, एएमडी६४' अशी तीन भागांची मुद्रा असते. प्रणालीचे नाव, मुख्य आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार हे ते तीन भाग होत. यांपैकी काही जुळले नाही, तर पॅकेज चुकीच्या प्रणालीचे किंवा चुकीच्या रचनेचे असल्याचा संदेश येतो. ही तफावत मोठी असते. १४ ची पॅकेज १३ वर बसवण्याचा प्रयत्न, किंवा एआरएम प्रोसेसरची पॅकेज इंटेलच्या यंत्रावर नेण्याचा प्रयत्न, असा त्याचा अर्थ असतो. तेथे पुढे जाण्यात काहीच हशील नाही.

मुख्य आवृत्ती एकच पण उपआवृत्ती वेगळी, अशा वेळी मात्र साधन वापरकर्त्याला विचारते. अशा तफावतीत पुष्कळशी पॅकेज चालूनही जातात, कारण प्रत्येक पॅकेज नव्या फंक्शनला हाक मारतेच असे नाही. म्हणूनच 'मी हो म्हटले आणि काही झाले नाही' हा अनुभव खोटा नसतो. तो एका पॅकेजपुरता, एका दिवसापुरता खरा असतो. पुढच्या वेळी अद्ययावत होणाऱ्या शंभर पॅकेजमध्ये नवे फंक्शन मागणारे एखादे असेल, तर तोच अनुभव फसवा ठरतो.

हा प्रश्न टाळण्याची सोयही उपलब्ध आहे. विशिष्ट चल 'हो' असा निश्चित करून ठेवला, की आवृत्तीची तपासणी वगळली जाते. आवृत्ती बदलण्याच्या मधल्या टप्प्यात, काय होत आहे हे ठाऊक असताना, तिचा उपयोग योग्य ठरतो. मात्र काही जण तो चल कायमस्वरूपी लिहून ठेवतात. इशारा मग पुन्हा दिसत नाही, पण ज्या कारणासाठी तो येत होता ते कारण जागच्या जागी राहते.

अन्य प्रणालींमध्ये

हा प्रश्न एका प्रणालीपुरता नाही. त्याच कुळातील नेटबीएसडीचे 'पीकेजीएसआरसी' १९९७ पासून वापरात आहे. पॅकेज दुसऱ्या आवृत्तीवर तयार झालेले असल्यास तिचे साधन दोन्ही आवृत्त्यांची नावे दाखवून इशारा देते आणि सहसा पुढे जाते. प्रोसेसरचा प्रकारच वेगळा असेल तर मात्र नकार देते. ओपनबीएसडीची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. प्रत्येक आवृत्तीची पॅकेज वेगळी असतात आणि एका आवृत्तीची दुसरीवर वापरू नयेत, असा तेथील स्पष्ट दंडक आहे. मॅकओएसवरील होमब्रू साधारणपणे मॅकओएसच्या अलीकडच्या तीन आवृत्त्यांसाठीच तयार पॅकेज पुरवते आणि त्यापेक्षा जुन्या यंत्रावर पाठिंबा नसल्याचे बजावते.

लिनक्समध्ये हाच प्रश्न 'जीलिबसी' या मूळ लायब्ररीच्या रूपाने समोर येतो. ऑगस्ट २०२१ मधील तिच्या २.३४ या आवृत्तीत आज्ञावली सुरू करणाऱ्या मूलभूत फंक्शनलाच नवा बिल्ला मिळाला. परिणामी तिच्यावर कंपाईल झालेले जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर किमान २.३४ ची मागणी करते. उबुंटू २२.०४ मध्ये २.३५ आहे, तर २०.०४ मध्ये २.३१. त्यामुळे पहिल्यावर तयार केलेली फाइल दुसऱ्यावर नेली, की 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' असे उत्तर मिळते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओ कोड या लोकप्रिय संपादकाच्या १.८६ या आवृत्तीने दूरच्या सर्व्हरवर किमान जीलिबसी २.२८ असण्याची अट घातली. सेंटओएस ७ आणि उबुंटू १८.०४ वरील सर्व्हरशी जोडून काम करणाऱ्यांचे काम एका अद्ययावतीकरणाने थांबले. विद्यापीठे व संशोधन संस्थांतील मोठ्या संगणकांची प्रणाली वापरकर्त्याच्या हाती नसते. ती बदलण्याचा अधिकार अन्य कोणाकडे असतो. असंतोष इतका वाढला, की कंपनीने काही दिवसांतच सुधारित आवृत्ती काढून बारा महिन्यांची मुदत दिली. त्या मुदतीत जुन्या सर्व्हरशी जोडता येत असे, मात्र प्रणालीला पाठिंबा नसल्याचा इशारा दिसत राही.

भारतातही हा विषय दूरचा नाही. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. डेबियनच्या एका आवृत्तीची पॅकेज दुसऱ्या आवृत्तीत मिसळू नयेत, हा डेबियनच्या जाणकारांचा जुना सल्ला तिच्याही वापरकर्त्यांना लागू पडतो. मोबाईलवर 'हे अॅप तुमच्या आवृत्तीवर चालणार नाही' असे वाचणाऱ्या सामान्य माणसालाही त्याच प्रश्नाचे छोटे रूप दिसत असते.

जुळणी आणि विश्वास

आवृत्ती जुळली म्हणजे पॅकेज विश्वसनीय ठरले, असे नव्हे. या दोन बाबी भिन्न आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्रीबीएसडी प्रकल्पाच्या दोन यंत्रांत घुसखोरी झाल्याचे आढळले. एका विकासकाची गुप्त किल्ली बाहेर गेल्याने हे घडले होते. मूळ प्रणालीचा सोर्स कोड सुरक्षित असल्याचे तपासात दिसून आले. मात्र १९ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर २०१२ या काळात उपलब्ध असलेल्या तयार पॅकेजच्या शुद्धतेची हमी देता येत नाही, असे प्रकल्पाने जाहीर केले. त्या पॅकेजची आवृत्ती अगदी बरोबर होती, तरीही ती टाकून नवी बसवणे भाग पडले.

पॅकेजच्या भांडारावर डिजिटल स्वाक्षरी असणे आणि ती तपासली जाणे म्हणूनच आवश्यक असते. स्वाक्षरी पॅकेज कोणाकडून आले ते सांगते. आवृत्तीची संख्या ते कोणासाठी तयार झाले ते सांगते. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही.

योग्य मार्ग कोणता?

इशारा दिसताच प्रथम 'नाही' म्हणून थांबावे. त्यानंतर कर्नल आणि यूजरलँड यांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या पाहाव्यात. 'फ्रीबीएसडी-व्हर्जन' ही आज्ञा दोन्ही सांगते. यूजरलँड मागे राहिले असेल, तर अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण पूर्ण करावे. मुख्य आणि उपआवृत्ती एकच असून केवळ दुरुस्तीचा क्रमांक वेगळा दिसत असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. काही सुरक्षा दुरुस्त्या कर्नलला स्पर्श करत नाहीत, म्हणून असा फरक पडतो.

यंत्रावरील उपआवृत्तीचा पाठिंबा संपला असेल, तर आधी कार्यप्रणाली वाढवावी आणि मग पॅकेज. हा क्रम महत्त्वाचा आहे. तत्पूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत काढून घ्यावी. झेडएफएस ही फाइल व्यवस्था असल्यास 'बूट एन्व्हायर्नमेंट'च्या रूपाने संपूर्ण प्रणालीची प्रत काही क्षणांत जपून ठेवता येते आणि काही बिघडल्यास यंत्र जुन्या अवस्थेतून सुरू करता येते. त्यानंतर 'फ्रीबीएसडी-अपडेट'च्या साहाय्याने नवी उपआवृत्ती उतरवून घ्यावी, कर्नल बसवावे, यंत्र पुन्हा सुरू करावे, यूजरलँड बसवावे आणि सर्वांत शेवटी पॅकेज अद्ययावत करावीत. मुख्य आवृत्ती बदलत असेल, तर सर्व पॅकेज सक्तीने पुन्हा बसवावी लागतात. त्या वेळी पीकेजी-स्टॅटिकचा आधार घेतला जातो.

काही ठिकाणी आवृत्ती ताबडतोब वाढवणे शक्य नसते. एखादे जुने यंत्र नव्या प्रणालीवर चालत नाही, एखादी संस्था ठरलेल्या वेळेखेरीज बदल करू देत नाही. अशा वेळी पॅकेज आहेत तशी ठेवणे, हे तफावत दुर्लक्षून नवी ओढून घेण्यापेक्षा कमी धोक्याचे ठरते. 'पूद्रिएर' नावाच्या साधनाने आपल्याच उपआवृत्तीवर पॅकेज कंपाईल करण्याचा मार्गही खुला असतो. प्रकल्प स्वतःची पॅकेज तयार करण्यासाठी हेच साधन वापरतो. परंतु कार्यप्रणालीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे थांबले आहे, ही वस्तुस्थिती यांपैकी कोणत्याही उपायाने बदलत नाही. जाळ्याशी जोडलेल्या यंत्राच्या बाबतीत हा केवळ मुदतवाढीचा भाग असतो.

जुन्या सवयीने दाबलेली एक कळ आणि त्यानंतर रात्रभर चाललेली दुरुस्ती, हा अनुभव अनेक व्यवस्थापकांनी घेतलेला आहे. इशाऱ्यातील त्या दोन संख्या वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही. मोठी संख्या पॅकेजची असेल, तर वय झाले आहे ते यंत्रावरील प्रणालीचे.